शाळा उघडली, मुलांना घेऊन या



पाऊस आला. वीटभट्ट्या विझल्या. कर्जत-खालापूरच्या वाड्यांत तुम्ही परत आलात, फार बरं वाटलं. जूनमध्ये शाळाही उघडते.

कुणी म्हणतो, “पोराचं वर्ष बुडालं. आता गुरुजी घेणार नाहीत.” तसं नाही. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही. जन्माचा दाखला नसला, तरी नाव घालावंच लागतं. मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं शिकवायचं, असं कायदा सांगतो.

दिवाळीनंतर भट्टीवर जाल, तेव्हा शाळेचा दाखला मागून न्या. तिथल्या शाळेत नाव घाला.

कच्ची वीट पावसात विरघळते. अर्धवट शिक्षणाचं तसंच आहे. मुलांना आणा, मुलींनाही आणा.