न्याहारी घरची, जेवण बाहेरचं



रात्रीची गाडी सकाळी कुडाळला पोचते, तेव्हा पोटात भूक नसते, नुसता चहा ढवळत असतो. आम्ही दोघं नवरा-बायको मागच्या माघात तसेच उतरलो. कुडाळहून नेरूरपार, काळसे असं करत मालवणकडे जाणारा एक रस्ता आहे. वाटेत कर्ली नदी ओलांडायची, मग धामापूर लागतं. धामापूरचा तलाव 1530 साली बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ. शेतीच्या पाण्याचे जगभरातले जुने बांधकाम-वारसे निवडले जातात, त्यांत या तलावाचं नाव 2020 साली लागलं. तिथून थोडं आत, माडा-पोफळीच्या बागेत एक घर. मूळ घराला जोडून काढलेल्या दोन खोल्या, पाठीमागे विहीर. तिथं आम्ही चार रात्री राहिलो.

रिक्षातून पिशव्या उतरायच्या आधीच घरमालकीणबाईंनी, म्हणजे काकींनी, कायदा सांगून टाकला. "सकाळचा काय ता माझ्याकडे. दुपारचा, रातचा मालवणात जेवा. दोनदा चूल पेटवूक माका जमाचा नाय."

खरं सांगतो, मी हिरमुसलो. कोकणात घरी उतरायचं ते घरचं मासळीचं जेवण मिळावं म्हणून, अशी आपली सगळ्यांची समजूत. इथं तर पहिल्याच वाक्याला दार बंद! पण चार दिवसांनी परतताना माझं मत पार फिरलं होतं. ते का, तेच आज सांगायचं आहे.

आपल्या पर्यटन महामंडळानं घरगुती मुक्कामाच्या योजनेला जे नाव दिलंय ना, 'न्याहारी निवास', ते आपण नीट ऐकतच नाही. नावात न्याहारी आहे, जेवण नाही. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या चालतात आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असावं लागतं. म्हणजे हे हॉटेल नव्हे. तिथं स्वयंपाकाला आचारी नाही, भांड्यांना पोऱ्या नाही. जी बाई तुमच्या चादरी धुते तीच गोठ्यात जाते, तीच पोराचा अभ्यास घेते. तिच्याकडून सकाळचं एक खाणं घ्यावं, यात हिशेब आहे.

हा हिशेब मला आधी एकदा चांगलाच कळायला हवा होता. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका घरी आम्ही सहाजण उतरलो होतो. दुपारी चार वाजता आमच्यातल्या एकानं ऐटीत सांगितलं, रात्री पापलेट आणि कुर्ल्या. साडेदहा वाजले तरी ताटं नाहीत. मी कुरकुरत पाणी मागायला मागच्या पडवीत गेलो, तर घरातली सून विळीवर मासे कापत बसलेली, मांडीवर झोपलेलं मूल, बॅटरीच्या उजेडात, कारण वीज गेलेली. पाणी न मागताच परत आलो. जेवण उत्तम होतं. चव मात्र मला आठवत नाही.

तर काकींची न्याहारी. तांदूळ रात्री भिजत घातलेले, पहाटे वाटलेले, पीठ ताकासारखं पातळ. बिडाचा तवा चांगला तापला की अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवायचा. मग वाटीनं पीठ कडेकडेनं ओतत मध्यावर आणायचं. चर्र आवाज आला आणि लगेच जाळी पडली की झालं घावन. झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. पहिलं घावन बिघडतंच, ते तव्याचं म्हणून बाजूला पडतं, आणि त्याची वाट बघत मांजर चुलीपाशी बसलेलं असतं. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी, आणि मागाल तर नारळाच्या दुधात गूळ-वेलची घातलेला रस. दुसऱ्या दिवशी आंबोळी. तिचं पीठ रात्रभर आंबवावं लागतं, म्हणून ती आदल्या दिवशी सांगावी लागते. तिच्यासोबत काळ्या वाटाण्याची उसळ. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, तुम्ही जे खाता तेच द्या. तेव्हा उकड्या तांदळाची पेज आली, वर लोणच्याची फोड. कोकणातल्या शेतकऱ्याची खरी न्याहारी हीच. ही पेज वाडग्याला तोंड लावून प्यायची असते, चमचा मागू नये. मी मागितला. काकी हसल्या नाहीत, पण त्यांचा नातू हसला.

एवढं खाल्ल्यावर दुपारी दोनपर्यंत भुकेचं नाव निघत नाही. मग अर्ध्या तासावर मालवण आहेच. आणि मालवणात काय नाही! बाजारात, बंदराच्या रस्त्याला, आतल्या गल्ल्यांत खानावळीच खानावळी. कुठली चांगली हे कुणाही अनोळखी माणसाच्या शिफारशीवरून ठरवू नका. माझ्या दोन-तीन खुणा आहेत. फळ्यावर आजचे मासे खडूनं लिहिलेले असावेत आणि त्यातलं एखादं नाव पुसलेलं असावं. पुसलेलं नाव म्हणजे ताजा माल आला होता आणि संपला. सुरमई-पापलेटाचा भाव छापील कार्डावर नसून विचारावा लागत असेल तर रागावू नका, लिलावात जसा माल येतो तसा भाव. दुसरी खूण सोलकढीची. नारळाचं दूध ताजं असेल तर पेला थोडा वेळ ठेवला की वर दाट थर येतो. गुलाबी रंग फार भडक दिसला तर मी पेला परत सरकवतो. आणि बाजूच्या टेबलावर बँकेतला शिपाई किंवा तालुका कचेरीतला कारकून जेवत असला तर निश्चिंत बसा. तो रोज येतो, त्याला फसवून चालत नाही.

बांगड्याचा तिखला मागवा. थाळ्यांत बांगड्याची थाळी सगळ्यांत स्वस्त, म्हणून पुण्या-मुंबईची मंडळी तिला कमी लेखतात. पण तिरफळाचा खरा वास बांगड्यालाच चढतो. तिरफळं ठेचून रश्शात घालतात, ती दाताखाली येऊ द्यायची नाहीत, जीभ बधिर होते. तळलेल्या सुरमईपेक्षा मला हा तिखला केव्हाही वर वाटतो. याबद्दल घरात आमचं एकमत नाही. बायकोचा कौल तिसऱ्यांच्या सुक्याला.

एक सावधगिरी. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत फळ्यावर ताजी सुरमई दिसली तर ती कुठून आली हे विचारायला हरकत नाही. पण तेव्हाही उपाशी राहायचं कारण नाही. सुकं खारं असतं, जवळ्याची चटणी असते, आणि पहिल्या पावसात ओढ्या-शेतांतून वर चढणारे चढणीचे मासे ज्याला मिळाले तो भाग्यवान. वडे-सागोती तर बारा महिने.

कुणी म्हणेल, खानावळीतही बायकाच राबतात ना? राबतात. मालवणातल्या कितीतरी खानावळी कुणाच्या तरी घरच्या स्वयंपाकघरातूनच सुरू झाल्या. पण तिथं मोठी शेगडी आहे, मासे साफ करायला वेगळी माणसं आहेत, दुपारचं तीनला आवरतं आणि मजुरी हातात पडते. काकींकडे साडेदहाला पापलेट मागितलं तर त्याची मजुरी कोण मोजतो? शिवाय चार पैसे धामापुरात राहतात, चार मालवणात, आणि दोन रिक्षावाल्याला. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. अशा जिल्ह्यात पाहुण्याचा पैसा एकाच फाटकाच्या आत अडकून राहू नये असं मला वाटतं. समुद्राला चिकटून बांधलेल्या बड्या रिसॉर्टात तेच होतं, न्याहारी, जेवण, चहा, भजी, सगळं आत.

अडचणी आहेत, लपवत नाही. स्वतःची गाडी नसेल तर रात्री मालवणहून परतायला रिक्षा आधीच ठरवावी लागते. एसटीचा भरवसा संध्याकाळपर्यंतच. रस्त्याला दिवे नाहीत, मधूनच गुरं बसलेली असतात. पण त्याच काळोखात वाटेतल्या चौके गावाच्या पुढे रिक्षावाल्यानं एकदा इंजिन बंद करून काजूच्या बागेतला वास दाखवला. मोहोर होता. दोन मिनिटं आम्ही तिघंही काही बोललो नाही.

रोज सकाळी न्याहारी वाढताना काकी चौकशी करायच्या. काल कुठे जेवलात? सोलकढी आगळाची काय सोलांची? तिखल्यात तिरफळं होती ना? आम्ही सांगायचो, त्या मान हलवायच्या किंवा नाक मुरडायच्या आणि संध्याकाळी कुठे जायचं ते सांगायच्या. कोंबडी-वडे एकीकडे, तिसऱ्या दुसरीकडे, खाजं तिसरीकडून बांधून घ्यायचं. सगळा बाजार त्यांना पाठ.

शेवटच्या रात्री हिनं आग्रह धरला, आज तुम्ही आमच्याबरोबर चला. काकी आधी नाही म्हणाल्या, गोठ्याचं कारण पुढे केलं, मग अर्ध्या तासात इस्त्रीची साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून, नातवाचा हात धरून रिक्षात बसल्या. खानावळीत फळा वाचून मी मनात त्यांच्यासाठी मोठी सुरमई ठरवून टाकली होती. वाढपी आला. काकींनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कार्ड मागवलं, उलट्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "माका एक गोबी मंचुरियन."

मी थक्क होऊन बघत राहिलो, तशा त्या पदर सावरत म्हणाल्या, "माशे काय, घराकडे रोजचेच."