वाफेचे इंजिन आणि कामाचे तास

(बोईसर येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. तारापूरच्या कारखान्यांतील कामगारांचे इतके प्रश्न समोर असताना जुन्या वाफेच्या इंजिनांवर बोलायचे कशाला, असे एका तरुण मित्राने मला स्टेशनवरून येतानाच विचारले. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून मी खाली बसणार नाही.

जुनी इंजिने दुरुस्त करून पुन्हा चालवण्याची हौस आता जगभर रुजली आहे. १८५५ साली लीड्स येथे बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९९७ साली दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावू लागले. हरियाणातील रेवाडीच्या जुन्या शेडमध्येही अशी इंजिने जतन केलेली आहेत. असे इंजिन निघाले की लोक कामधंदा सोडून रुळांच्या कडेला उभे राहतात. हे केवळ गतकाळाचे वेड आहे, असे मी मानत नाही. विजेच्या इंजिनाचे सारे काम बंद पेटीत चालते. वाफेच्या इंजिनात कोळसा जळताना दिसतो, वाफेच्या जोराने दट्ट्या मागेपुढे होतो आणि दांडा चाक फिरवतो. शक्ती कोठून येते आणि कोठे जाते, हे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही उभ्या उभ्या कळते. आपल्या आकलनात येणाऱ्या यंत्राविषयी माणसाला आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे.

या जीर्णोद्धाराला माझा विरोध नाही. ते उच्च प्रतीचे कारागिरीचे काम आहे. बॉयलरच्या झिजलेल्या नळ्या काढून नव्या बसवाव्या लागतात, पाण्याच्या दाबाखाली त्याची कसोटी घ्यावी लागते, बाजारात न मिळणारे भाग कारखान्यात घडवावे लागतात. स्वतंत्र भारताच्या चित्तरंजन येथील सरकारी कारखान्याने १९५० ते १९७२ या काळात २३५१ वाफेची इंजिने बांधली. त्या कौशल्याची आठवण राहिलीच पाहिजे.

माझी तक्रार वेगळी आहे. इंजिनाला रंग लागतो, पितळ घासूनपुसून लखलखीत होते, पाटीवर कारखान्याचे नाव आणि साल येते. त्या पाटीवर फायरमनच्या कामाचे तास मात्र मी कधी वाचलेले नाहीत. एका बाजूला भट्टीची धग, दुसऱ्या बाजूला उघडा वारा-पाऊस, पायाखाली सतत हादरणारी पत्र्याची जमीन, आणि त्यावर तोल सावरीत फावड्याने कोळसा टाकीत राहणे, हे त्याचे काम. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर डोळा ठेवावा लागे, कारण पाणी फार खाली गेले तर बॉयलर फुटण्याचे भय असे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमनांची हजेरीपासून सुटीपर्यंतची पाळी दहा तासांपेक्षा अधिक नसावी, हे तत्त्व सरकारने मान्य केले ते १९७३ च्या ऑगस्टमध्ये, आणि तेही त्यांनी संप केल्यानंतर. म्हणजे मध्ये एकशेवीस वर्षे गेली. मान्य झालेली गोष्ट अमलात येईना, तेव्हा तो असंतोष ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी संपात मिसळला. साथी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील त्या संपाच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता. संप सुमारे तीन आठवडे चालला. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ साली साथी मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी बडतर्फ कामगारांना पुन्हा कामावर घेतले. आपल्या चळवळीचा हा इतिहास त्या इंजिनांच्या इतिहासातून वेगळा काढता येत नाही.

इंजिन कोणाचे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. विदर्भातील ‘शकुंतला’ गाडीचे उदाहरण घ्या. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले तिचे इंजिन १९९४ पर्यंत मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद रुळांवर चालत होते. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी हा मार्ग खाजगी कंपनीने बांधला, आणि स्वातंत्र्यानंतरही त्याची मालकी कंपनीकडेच राहिली. आज ती गाडी बंद आहे. शहरातल्या हौशी लोकांना तिच्या छायाचित्रांचे कौतुक आहे, तर तिथल्या गरीब उतारूंना त्या मार्गावर ब्रॉडगेज हवे आहे. दोन्ही भावना खऱ्या आहेत. परंतु निर्णय घेताना अग्रक्रम उतारूंचा असला पाहिजे.

आता आपल्या भागाकडे येऊ. सत्तरच्या दशकात विरारच्या पुढे विजेची तार आली आणि पालघर-बोईसरच्या रुळांवरून वाफेची इंजिने हळूहळू दिसेनाशी झाली. वाफेचे युग संपले, असे आपण म्हणू लागलो. पण १९६९ साली सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राचे मूळ तत्त्व काय आहे? अणुभट्टीच्या उष्णतेने पाणी उकळते आणि त्याच्या वाफेवर जनित्राचे चक्र फिरते. येथल्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायला आणि रसायने तापवायला वाफच लागते. वाफ आहे, बॉयलर आहे, त्याच्यापुढे पाळी करणारा माणूसही आहे. फक्त तो भिंतीआड गेला आहे आणि पुष्कळदा कंत्राटदाराच्या वहीत गेला आहे. या वसाहतीतल्या आगी आणि स्फोट आपण पाहिलेले आहेत. अशा वेळी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, असे सांगितले जाते. ज्याची नोकरीच कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे, त्याच्या संमतीला किती अर्थ असतो, हे येथे बसलेल्यांना मी सांगायला नको. थकलेला माणूस आणि दाबाखालचे पात्र एकत्र ठेवणे धोक्याचे असते, हे वाफेच्या इंजिनावरच्या माणसांनी आपल्याला कधीच शिकवून ठेवले आहे.

म्हणून माझ्या तरुण मित्राला दोन कामे सांगतो. पालघर, बोईसर, डहाणू या भागात निवृत्त रेल्वे कामगारांची घरे आहेत. वाफेच्या इंजिनावर काम केलेली माणसे आता थोडीच उरली असतील. त्यांच्याकडे वही घेऊन बसावे. पाळी किती तासांची होती, झोप कोठे मिळे, चुहात्तरच्या संपात काय सोसले, हे उतरवून घ्यावे आणि जुनी इंजिने जपणाऱ्या संग्रहालयांकडे पाठवून त्यांच्या पाट्यांवर त्याला जागा मागावी. दुसरे काम असे की, आपल्या कारखान्यातल्या बॉयलरवर आज कोण आहे, तो किती वाजता आला आणि किती वाजता घरी जाणार, याची नोंद त्याच वहीच्या पुढच्या पानावर सुरू करावी. पुढच्या अभ्यासवर्गाला ती वही घेऊन या. आपण ती मिळून वाचू.