कोणती कादंबरी, कुणाच्या हाती?



शाळेच्या गॅदरिंगला माणसं नाच बघायला येतात, पाहुण्यांचं भाषण ऐकायला नाही. ही जाण ठेवून आज एकाच प्रश्नापुरतं बोलायचं आहे. एखादी कादंबरी वाचली, आवडली, तर ती दुसऱ्याला सांगायची कशी?

आपल्याकडे सहसा ती अशी सांगतात: “भारी आहे, वाच.” नाहीतर, “बोअर आहे, नको.” लेखकाने चार-पाच वर्षं घालून लिहिलेल्या पाचशे पानांचा निकाल तीन शब्दांत लागतो. ज्या घरात नवा मोबाइल घेताना बॅटरी, कॅमेरा आणि मेमरी यांची तासभर चिरफाड होते, त्याच घरात पुस्तकाचं परीक्षण ‘मस्त’ म्हणून आटोपतं. ऐकणाऱ्याला त्यातून कळत काहीच नाही. मस्त म्हणजे काय? हसवणारं, घाबरवणारं की रडवणारं? आणि मस्त कुणाला?

मराठी कादंबरीचा पसारा काही लहान नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आली. विधवांच्या हालांवरची ही कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते. 1871 मध्ये रा. भि. गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहिली आणि ऐतिहासिक कादंबरीला सुरुवात झाली. ती ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकातून आली, आणि याच मासिकात नव्या पुस्तकांची परीक्षणंही छापून येत. 1890 साली हरी नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः दिली. यमूचं पुढे काय होणार, यासाठी वाचक पुढच्या अंकाची वाट बघत. आज तुम्ही वेबमालिकेच्या पुढच्या भागाची बघता, तशीच. 1902 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ याच नावाचा निबंध लिहिला. 1964 साली ‘ललित’ मासिक सुरू झालं. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लेखकांची आणि समीक्षकांची जी फिरकी घेत, ती वाचायला लोक अंक मागच्या पानांवरून उघडत असतील तर नवल नाही.

इतक्या परंपरेनंतरही एक खोड मात्र गेली नाही. कादंबरी कोणत्या प्रकारची आहे, यावरूनच तिची पायरी ठरवायची. सामाजिक म्हणजे थोर, ऐतिहासिक म्हणजे भारदस्त, रहस्यकथा म्हणजे टाइमपास, भयकथा म्हणजे घरच्यांपासून लपवून वाचायची गोष्ट. प्रत्येक प्रकाराला विचारायचा प्रश्न वेगळा असतो, हे एकदा मान्य केलं की ही उतरंड आपोआप मोडते.

रहस्यकथेपासूनच बघू. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची माणसं तुमच्या आजोबांना तोंडपाठ असतील, घरी जाऊन विचारा. अशा पुस्तकाला ‘यात समाजदर्शन कुठे आहे?’ असं विचारणं म्हणजे कबड्डीच्या सामन्यात षटकार मोजणं. तिथे विचारायचं ते हे: शेवटी जे उलगडलं, त्याचे धागे लेखकाने आधी वाचकासमोर ठेवले होते का? की अखेरच्या पानावर एक नवाच माणूस आणून उभा केला? आणि परीक्षण करणाऱ्याने पाळायचं पथ्य एवढंच की खुनी कोण ते सांगायचं नाही.

भयकादंबरीला विचारायचं, भीती कशी वाढवली? नारायण धारपांचं नाव इथे पहिलं. 2018 चा ‘तुंबाड’ सिनेमा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातली ती खिळून पडलेली म्हातारी धारपांच्या ‘आजी’ या कथेकडे बोट दाखवते, आणि सिनेमाचं नाव आपल्याला श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या 1987 च्या कादंबरीकडे नेतं. तिच्यात मात्र भुताखेतांचा नव्हे, कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांचा थरार आहे. सिनेमा आवडला म्हणून ही दोन खंडांची कादंबरी कुणाला सुचवायची असेल, तर हा फरक आधी सांगावा, नाहीतर तो मित्र पुन्हा तुमचं ऐकणार नाही. धारपांच्या ‘लुचाई’वर स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ची छाया आहे, हेही सांगावं. त्याने ‘लुचाई’ची मजा कमी होत नाही. उलट ते परकं भय त्यांनी मराठी गावात कसं मुरवलं, ते बघण्याची वेगळी मजा मिळते.

विज्ञानकादंबरीचा विषय निघाला की जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 1974 मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. जयंत विष्णु नारळीकरांची आद्याक्षरं उलटी केली की हे नाव येतं. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला परीक्षकांनी दबून बक्षीस देऊ नये, कथेकडे कथा म्हणून बघावं, एवढाच हेतू. बक्षीस त्या ‘जगतापां’नाच मिळालं. पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आल्या. हिंजवडीत कोडिंग करणाऱ्या ताई-दादाला द्यायची असेल, तर संगणकांभोवती फिरणारी ‘व्हायरस’ द्या. विज्ञानकादंबरी वाचताना मनात ठेवायचा प्रश्न सोपा आहे: लेखकाने सुरुवातीला एक ‘जर’ मांडला, त्याच्याशी तो शेवटपर्यंत इमान राखतो का?

नाव लपवण्याची अशीच गोष्ट चाळीस वर्षं आधी घडली होती, पण तिचं कारण निराळं होतं. 1933 आणि 1934 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने आली. शिकलेल्या, कमावत्या स्त्रियांचं मन त्यात इतकं उघडं मांडलेलं होतं की मोठं वादळ उठलं. पुस्तकात काय आहे, यापेक्षा ही बाई कोण, की बाईच्या नावाने कुणी पुरुष लिहितो आहे, याचीच चर्चा जास्त झाली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. पुस्तक बाजूला ठेवून लेखकाचं परीक्षण करण्याचा हा नमुना आजही मोबाइलवर रोज बघायला मिळतो.

ऐतिहासिक कादंबरीबद्दल बोलताना जरा सांभाळून, कारण आपल्याकडे ती वाचून लोक इतिहासाच्या पेपरात उत्तरं लिहितात. थोरल्या माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ हिला 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ 1988 ची. दोन्ही जरूर वाचा, आणि दोन्हींत प्रश्न एकच विचारा: कागदपत्रांतलं कुठे संपतं आणि लेखकाची कल्पना कुठे सुरू होते? दोन माणसं बंद दालनात काय बोलली, हे कुठल्याही कागदात नसतं. ते लेखकाने रचलेलं असतं आणि तो त्याचा हक्कच आहे. ‘पानिपत’ झाल्यावर नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’ हातात घ्या. अठराव्या शतकाकडेच, पण एका साध्या, चतुर माणसाच्या तिरकस नजरेतून बघितलेलं. तेच शतक दोन बाजूंनी दिसलं की परीक्षण लिहिताना तुलनेला हाताशी काहीतरी राहतं.

आता जरा घराजवळ येऊ. आपलं पुनावळे 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. जुनं गावठाण, काटे वस्ती, कोयते वस्ती, आणि त्यांच्या डोक्यावर उभे राहिलेले मनोरे हे सगळं आज एकाच फ्रेममध्ये मावतं. शेजारून पवना वाहते. ‘पवनाकाठचा धोंडी’ या नावाची कादंबरी आहे, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? ती गो. नी. दांडेकरांची. गोनीदा राहायचे तळेगाव दाभाड्याला, जवळच्या स्टेशनवरून लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत. मावळातलं एक शेतकरी घर, तिथली बोली, तुंगचा किल्ला. 1966 मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. राजमाचीच्या परिसरातली ‘माचीवरला बुधा’ही त्यांचीच. ज्यांच्या शेतांवर हे मनोरे उभे राहिले, त्या घरातल्या आजी-आजोबांना ‘पवनाकाठचा धोंडी’ मोठ्याने वाचून दाखवा. बोलीतला एखादा शब्द लेखकाने बरोबर पकडलाय की नाही, हे ते तुम्हाला कुठल्याही समीक्षकापेक्षा चोख सांगतील.

आणि ज्यांची कुटुंबं धरणापायी किंवा दुष्काळापायी गाव सोडून इकडे कंपनीत आली, त्यांच्यासाठी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहे, कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ आहे. ‘झाडाझडती’ धरणासाठी उठवलेल्या माणसांची; तिला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘रिंगाण’ला 2023 चा मिळाला, आणि तिच्यात विस्थापित झालेला एक माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला पुन्हा डोंगरात शिरतो. विषय जवळजवळ एकच, पण पहिलीत माणसांची गर्दी, सरकारी कागद, मोर्चे, तर दुसरीत एक माणूस, एक जनावर आणि जंगल. परीक्षणात हेच सांगायचं असतं. फक्त ‘धरणग्रस्तांचे प्रश्न मांडले आहेत’ एवढं लिहिलं, तर दोन्ही पुस्तकं सारखीच वाटतील.

हे सगळं प्रत्यक्ष कसं लिहायचं? नववीतल्या वाचकासाठी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घेऊ. एक छोटं परीक्षण असं होऊ शकतं:

“ही 2004 साली प्रसिद्ध झालेली, पण 1975 च्या आणीबाणीच्या काळात घडणारी गोष्ट आहे. नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमतात, तिथून रस्त्यावर नजर ठेवतात आणि आपापल्या ‘लाइनी’बद्दल बोलतात. मुकुंदला शिरोडकर आवडते. घटना मोजक्याच आहेत. सगळी गंमत मुकुंदच्या सांगण्यात आहे, कारण तो स्वतःशी जे बोलतो ते घरी किंवा वर्गात कधीच बोलत नाही. देशात काय चाललं आहे ते मोठ्यांच्या तुटक बोलण्यातून कानावर पडतं, मुलांना पुरतं कळत नाही. भराभर काहीतरी घडायला हवं असेल, तर मधली काही पानं संथ वाटतील. मुलग्यांनी वाचावीच. मुलींनी वाचून, शिरोडकरच्या बाजूने ही गोष्ट कशी झाली असती, ते सांगावं.”

बस. काळ सांगितला, जागा सांगितली, निवेदन कुणाचं ते सांगितलं, एक उणीव सांगितली, आणि कुणी का वाचावी तेही सांगितलं. शेवट फोडला नाही. पुनावळ्यात तर त्या अर्धवट इमारतीची कल्पना करायला खिडकीतून डोकावलं तरी पुरे.

अकरावी-बारावीच्या मुलांना याच धाग्यावर पुढे जाता येईल. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आहे. तिच्यावरचा 2013 चा सिनेमा पाहून ज्यांना सगळं माहीत झालंय असं वाटतं, त्यांनी तर नक्कीच वाचावी, आणि दोन्हींतला फरक लिहून काढावा. भालचंद्र नेमाड्यांची 1963 ची ‘कोसला’ आहे, खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेल्या आणि रिकाम्या हाताने परतलेल्या पांडुरंग सांगवीकरची. लातूर-जळगावहून येऊन वाकड-रावेतला कॉट बेसिसवर राहणाऱ्या एखाद्या मोठ्या भावाला ती फार जवळची वाटेल. पण ज्याची परीक्षा तोंडावर आहे, त्याच्या हाती ती महिनाभर थांबून द्या. नंदा खऱ्यांचीच ‘उद्या’ आहे: माणसांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा, कंपन्यांची सत्ता, मुलींची घटती संख्या. तिला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा, पुरस्कार न घेण्याचं आधीच ठरवलेलं असल्याने, खऱ्यांनी तो नाकारला.

पाचवी-सहावीची मंडळी पुढच्या रांगेत चुळबुळ करताहेत. त्यांच्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बनेश फेणे, आजही तितकाच चपळ आहे. आणि या वर्गात मराठी घरी न बोलणारीही बरीच मुलं असतील. त्यांच्या आईबाबांसाठी वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ हिंदीत सहज मिळतात. मराठी पुस्तकाची शिफारस मराठी माणसालाच करायची, असा काही नियम नाही.

वेळ कुठून काढायचा, हा पालकांचा ठरलेला प्रश्न. पुनावळ्याच्या भुयारी मार्गात संध्याकाळी स्कूलबस जेवढा वेळ उभी असते, तेवढ्यात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चं एक प्रकरण आरामात होतं. छोटेखानी पुस्तक आहे, आठवड्याभरात संपेल.

आता कार्यक्रमपत्रिकेत बक्षीस वितरण आहे आणि आज बक्षीस म्हणून पुस्तकं दिली जाणार आहेत, असं सरांनी सांगितलं. घेणाऱ्यांकडून एकच मागणी. पुस्तक वाचून झालं की एका कागदावर दहा ओळी लिहा: गोष्ट कुठली, सांगतंय कोण, कुठे पकड घेते, कुठे कंटाळा येतो, आणि वर्गातल्या कोणत्या मुलाने किंवा मुलीने ती वाचावी, नावानिशी. न आवडलेल्या पुस्तकाबद्दलही लिहा, फक्त का नाही आवडलं ते सांगा. ग्रंथपालबाईंनी वाचनालयाच्या दारावरचा फलक त्यासाठी मोकळा करून द्यावा, अशी त्यांना विनंती. वार्षिक परीक्षेच्या आधी पहिला कागद तिथे लागायला हवा.

लेझीमवाल्यांनी आता तयार राहावं.