दुसरी गोळी गुपचूप सोडू नका



आज भाटघरला जमलेल्या तुम्हा तरुणांशी मी तुमच्या अम्मी, खालांच्या एका औषधाबद्दल बोलणार आहे. घरात या विषयावर कुणी बोलत नाही, म्हणूनच बोलायचं.

भारतात पाळी साधारण 46-47व्या वर्षी जाते. मग अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येतो, झोप उडते. त्रास फार असेल तर डॉक्टर हार्मोन देतात. सुरुवातीला छाती दुखते, पोट फुगतं, मळमळतं. बहुधा तीन महिन्यांत हे कमी होतं. नाही झालं तर डॉक्टर मात्रा बदलतात किंवा त्वचेवर लावायचं जेल देतात. जेलमध्ये रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो.

2002 साली अमेरिकेत 16,608 महिलांवरची मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. त्या महिलांचं सरासरी वय 63 होतं. म्हणूनच साठीनंतर हे औषध सहसा नव्यानं सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल, तर दरवर्षी तपासणी हवी.

गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. एकट्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल हलाल-हरामची शंका असेल, तर डॉक्टरांकडे पर्याय मागा. फक्त ते औषध गुपचूप सोडायचं नाही. रमजानमध्ये गोळीची वेळ सहरी किंवा इफ्तारला घेता येईल का, तेही आधीच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं की अम्मीला पहिला प्रश्न पडतो, नमाज पढायची की नाही? त्याचं उत्तर आलिम देतील. रक्त का आलं, हे मात्र स्त्रीरोगतज्ज्ञच सांगतील. औषधाच्या पहिल्या काही महिन्यांत थोडे डाग पडतात, तेही डॉक्टरांना सांगा. सहा महिन्यांनंतरही रक्त येत असेल, जास्त येत असेल किंवा थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर तपासणी लांबवू नका. एकच पाय सुजला, छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं, तर लगेच 108 ला फोन करा.

इथून भोरला, गरज पडली तर पुण्याला ससूनला जायचं म्हणजे दिवस मोडतो. सोबत कुणी नाही म्हणून बायका दुखणं अंगावर काढतात. मुलांनो, हे काम फक्त बहिणीचं नाही. अम्मीची फाइल तुम्हीही सांभाळा, आणि तिला आजच विचारा.