ऐंशी तिथली, चाळीस इथली

कोपरला गाडी बदलणं तुम्हाला नवं नाही. खालच्या फलाटावर उतरायचं, जिना चढायचा, वर दिवा–वसई मार्गावरची गाडी धरायची. वरच्या गाड्या मोजक्या, ताटकळावं लागतं. पण तिथवर केलेला प्रवास कोणी फुकट गेला असं धरत नाही. शेवटच्या वर्षाला कॉलेज बदलणाऱ्या मुलांना मात्र पुन्हा मागे जायला सांगतात. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

गेल्या जूनमध्ये इथलीच एक मुलगी माझ्याकडे आली. घरापासून दूर, दुसऱ्या विद्यापीठात बी.एस्सी.ची दोन वर्षं पुरी केलेली, एकही केटी नाही. आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिला परतावं लागलं. हातात प्लास्टिकचं फोल्डर : चार सत्रांच्या मार्कशीट, टीसी, मायग्रेशन. इतक्या खिडक्यांवर दाखवून झालं होतं की मार्कशीटची घडी विरायला आली होती. एका ठिकाणी सांगितलं, ‘एस.वाय.ला बसा.’ तिनं मला एवढंच विचारलं, ‘सर, मी पास झालेय ना?’

मुंबई विद्यापीठातल्या विद्यापीठात बदल असेल तर त्यामानानं सोपं. दादरहून डोंबिवलीला या नाहीतर कल्याणला जा, पदवी मुंबई विद्यापीठाचीच. अडतं ते विषयांच्या जोडीवर, रिकाम्या जागेवर. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रमावर. विद्यापीठ बदललं की हिशेबच वेगळा.

तो हिशेब नीट पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ साली ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम केले. मिळवलेली क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात. तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिट्सची, आणि ज्या संस्थेची पदवी हवी तिथली निम्मी तरी हवीत, म्हणजे ६०. या मुलीची ८० झालेली, उरली ४०. नव्या संस्थेची पदवी मागितली तर ४० मध्ये ६० बसणार कशी? म्हणून तिला मागे ढकलतात.

पण पदवी जुन्याच विद्यापीठाची राहू द्या. ऐंशी तिथली, चाळीस इथली. नियमाच्या आत बसतं! युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा महाराष्ट्रातलीही वैद्यकीय शिकणारी मुलं अशीच मध्येच अडकली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं हीच वाट मान्य केली : उरलेलं शिक्षण तिसऱ्या देशातल्या विद्यापीठात, पदवी मूळ विद्यापीठाची. युद्धासाठी जे जमतं ते आजारी आईसाठी का जमू नये, हे मला कळत नाही.

यात खरं काम आहे ते विषय जुळवण्याचं, आणि ते सत्र सुरू होण्याआधी व्हायला हवं. आम्ही तिच्या घरी बसून तक्ता केला. एका रकान्यात तिथले पाचव्या सत्राचे विषय, शेजारी इथले. आई पलंगावरून बघत होती. तक्ता तिच्या जुन्या विद्यापीठातल्या विभागाकडे पाठवला. सही होऊन यायला तीन आठवडे लागले. तोवर इथले तास सुरू झाले होते, आणि हजेरीपटावर नाव नसताना ती रोज मागच्या बाकावर जाऊन बसत होती.