आईला कळावे म्हणून

सिनेमा कोणाच्या पैशातून झाला, हे तिकीट काढताना आपण विचारत नाही. मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम यांनी मात्र हा प्रश्न थेट प्रेक्षकांपुढे ठेवला.

जॉन आयुर्विमा महामंडळाची नोकरी सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला आले. तिथे ऋत्विक घटक त्यांना गुरू लाभले. १९७७ साली त्यांनी तमिळमध्ये गाढवाच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. एक ब्राह्मण प्राध्यापक ते पिल्लू अग्रहारात आणतो आणि सारी वस्ती बिथरते. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे १९८४ साली त्यांनी मित्रांसह 'ओडेसा' ही चळवळ उभारली. गावोगाव जायचे, चॅप्लिनचा 'द किड' दाखवायचा आणि लोकांपुढे झोळी पसरायची. त्या वर्गणीतून १९८६ साली 'अम्मा अरियान' तयार झाला आणि पुन्हा लोकांमध्येच दाखवला गेला.

दिल्लीला निघालेल्या पुरुषन नावाच्या तरुणाला वाटेत एक मृतदेह दिसतो. चेहरा ओळखीचा वाटतो. मुलगा गेल्याची खबर त्याच्या आईला द्यायला तो कोचीकडे निघतो. वाटेत एकेक मित्र सामील होतो, एकेकाची आई भेटते. अम्मा अरियान म्हणजे आईला कळावे म्हणून. आपणही पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितो, पण काय कळवले याचा विचार क्वचितच करतो.

मी कवी आहे. पिशवीत संग्रह घेऊन हिंडताना मला संकोच वाटायचा. एकदा एका हमालभाऊंनी पैसे देण्याआधी विचारले, "ह्यात आमचं काय आहे?" मला उत्तर सुचले नाही. जॉन यांनी हा प्रश्न स्वतःहून ओढवून घेतला होता. एका सावकाराच्या तावडीतून सुटलेला कलावंत हजारांचा देणेकरी होतो, आणि हे देणे पैशात फिटत नाही.

'अम्मा अरियान' हा जॉन यांचा शेवटचा चित्रपट ठरला. ३१ मे १९८७ रोजी, पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले. वर्गणीवर सिनेमे काढणे सोपे नाही, प्रत्येकाला ते जमणारही नाही. पण आपण जे लिहितो, दाखवतो, त्यातून कोणाच्या आईला काय कळणार आहे, एवढे तरी प्रत्येकाने स्वतःला विचारावे. हमालभाऊंचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

कळावे.