मांजरीचं बाळंतपण

माळ्यावर किंवा लाकडांच्या ढिगामागे मांजर व्याली, की घरातली आजी बजावते, ‘पिलांना हात लावू नका, ती सात घरं फिरवेल.’ सातचा आकडा सोडून द्या, पण मांजर पिलं हलवते हे खरं. माणसांची वर्दळ, बोक्याची चाहूल, एवढं कारण तिला पुरतं. मानेमागची सैल कातडी दातांत धरली, की पिलू पाय पोटाशी घेऊन निपचित लोंबतं. मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत म्हणतात, ते उगाच नाही.

साधारण 63 ते 65 दिवसांच्या गर्भारपणानंतर जन्मलेली ही पिलं आंधळी असतात. डोळे उघडायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर सगळा कारभार वासावर आणि उबेवर. तरीही काही दिवसांतच बहुतेक पिलं दूध प्यायची आपापली जागा ठरवून घेतात! आणि आईचं ते अखंड चाटणं? ती निव्वळ माया नव्हे. पहिले दोन-तीन आठवडे पिलांना आपणहून शी-शू करता येत नाही. आईच्या खरखरीत जिभेनं चाटलं, की होते. ती सगळं स्वतःच साफ करते, म्हणजे वासावर शत्रू यायला नको.

महिन्याभरानं शिकवणी सुरू. आधी मेलेला उंदीर, मग अर्धमेला, मग जिवंत. दूध मागणाऱ्यांना आता पंजाही बसतो.

आणि हो, एकटं पिलू दिसलं तर लगेच उचलू नका. काही तास लांबून लक्ष ठेवा. आई बहुधा शिकारीला गेलेली असते.